घराची सजावट : जगाकडून काय घ्यावे?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आम्हांला चार शब्द बोलावयास पाचारण केले, याबद्दल कार्यकारी मंडळाचे आभार मानून विषयाकडे वळतो. अशा समारंभात शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, समाजाची प्रगती या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने घराची सजावट हा विषय काहीसा हलका वाटण्याचा संभव आहे. पण बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या आपल्या टापूत आज कोणत्याही गल्लीतून फेरी मारली, तर जुने घर उतरवून नवे बांधण्याचे किंवा आहे त्याचेच रूप पालटण्याचे काम कोठे ना कोठे चालू असलेले दिसते. जन्मभराची मिळकत त्यात ओतणारी कुटुंबे आपल्यातलीच आहेत. त्या पैशाचे चीज होते की नाही, आणि त्या घरात वडीलधारी माणसे सुखाने बसतात की नाही, हा प्रश्न आम्हांला मुळीच हलका वाटत नाही.

आज घर सजवावयाचे म्हटले की प्रथम चित्रे पाहिली जातात. मुलगा पुण्यास किंवा बंगळूरला असतो, लेक-जावई परदेशी असतात. तिकडून मोबाइलवर चित्रे येतात : हे जपानी घर, हे स्वीडनचे, हे मोरोक्कोचे, हे इटलीचे. घरातील सर्व मंडळी ती कौतुकाने पाहतात आणि मग सुताराला बोलावून सांगतात, ‘अगदी असेच पाहिजे.’ सारे जग घरबसल्या पाहावयास मिळते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यात वावगे काही नाही. मात्र चित्रात खोली दिसते, त्या देशाचा पाऊस दिसत नाही. तेथील माणसे जमिनीवर बसतात की खुर्चीवर, घरी पाहुणे किती येतात, दिवाणखान्याची झाडलोट कोण करते, यांपैकी काहीच चित्रात येत नाही. म्हणून जगाकडून घ्यावे की न घ्यावे, असा वाद आम्ही घालणार नाही. काय घ्यावे आणि कसे घ्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जगाकडून घेणे ही नव्या पिढीची खोड आहे, असे जुन्या मंडळींनी समजू नये. ज्या घराला आपण अभिमानाने वाडवडिलांचे घर म्हणतो, त्याकडे एकदा नीट पाहावे. छपरावर मंगलोरी कौले आहेत. ती स्वित्झर्लंडमधील बासेल येथून आलेल्या मिशनने १८६५ साली मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून या देशात पसरली. त्याआधी नळीची कौले होती आणि दरवर्षी पावसाच्या तोंडावर ती शाकारावी लागत. नवे कौल एकमेकांच्या खाचेत बसणारे होते; वाऱ्याने सरकत नसे, वजनाला हलके पडे. म्हणून लोकांनी ते घेतले. भिंतीवरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पाहा. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, त्याची यंत्रे जर्मनीहून आली होती. जे चित्र पूर्वी संस्थानिकाच्या महालातच दिसावयाचे, ते त्या यंत्रांमुळे कारकुनाच्या माजघरात आले. सोप्यातली नक्षीदार सिमेंटची फरशी मूळची युरोपातली. १९२२ साली भारत टाइल्स या कंपनीने ती बनवावयास घेतली आणि स्वदेशीच्या त्या काळात लोकांनी ती हौसेने बसवली. इराण्याच्या हॉटेलात आणि पुढे कितीतरी घरांत शिरलेली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याच्या १८५९ सालच्या नमुन्यावरची. लाकूड वाफेवर नरम करून ते वाकवावयाचे, सुटे भाग पेटीत भरून पाठवावयाचे आणि पोचल्या ठिकाणी स्क्रूने जोडावयाचे, ही तिची युक्ती.

म्हणजे छप्पर एका देशाचे, छपाई दुसऱ्या देशाची, खुर्ची तिसऱ्याची. आणि तरीही ते घर कोणाला परके वाटले नाही. याचे कारण काय? आमच्या मते कारण असे की, त्या लोकांनी परदेशी वस्तूचा गुण घेतला आणि तिला आपल्या रीतीत बसवले. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या शेजारीच, आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर, सावंतवाडीस पाहावयास मिळते. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून आला. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी खेळ ठेवला, पण पत्त्यांवर दशावतार रंगवले. तीच लाखेची कारागिरी त्यांनी चौरंगावर, पाळण्यावर आणि खेळण्यांवर उतरवली. विसाव्या शतकात ही कला मरणपंथाला लागली असता राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यातच आसरा देऊन जगवले. ज्या खेळाचे मूळ इराणात, तो आज सावंतवाडीची ओळख झाला आहे.

ही देवघेव एकाच बाजूची नव्हती, हेही मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या देशातील छिटाचे कापड इंग्लंडात इतके लोकप्रिय झाले की, तेथील विणकरांच्या तक्रारीवरून पार्लमेंटला १७२१ साली छापील सुती कापड अंगावर घालण्यास आणि घरात वापरण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. ज्याच्या फुलापानांच्या नक्षीचे पडदे आजही जगभर विकले जातात, तो विल्यम मॉरिस इराणी गालिच्यांपासून शिकला. आणि निळीने कापड छापण्याची जुनी विद्या त्याने एकोणिसाव्या शतकात खटपटीने पुन्हा हस्तगत केली. इंग्रजीतला ‘कॉट’ हा शब्द आपल्या खाटेवरून गेला आणि ‘बंगला’ हा बंगालच्या घरावरून. तेव्हा परदेशी चित्र पाहताना आपण याचकासारखे पाहू नये. ज्याच्या घरी आपलीही भांडी गेलेली आहेत, अशा शेजाऱ्याच्या घरात डोकावावे, तसे पाहावे.

आता या शेजाऱ्यांकडे घेण्याजोगे काय आहे, ते पाहू. आम्ही चारच ठिकाणे घेतो.

पहिले जपान. जपानी घराच्या चित्रात लोकांना कागदी दारे आणि चटया दिसतात, आणि त्यांची नक्कल करावीशी वाटते. आमच्या पावसात कागदी दार किती दिवस टिकेल, हे सांगावयास नको. पण त्या घराच्या दोन रीती खरोखर घेण्यासारख्या आहेत. एक, दारातून आत शिरताच खालच्या पातळीवर पायताणे काढण्याची निराळी जागा असते आणि एक पायरी चढून मग घर लागते. दुसरी, रात्रीचे अंथरूण दिवसा गुंडाळून कपाटात जाते आणि तीच खोली बसण्यास मोकळी होते. आपल्या आजीच्या माजघरात वळकट्या अशाच रचून ठेवलेल्या नव्हत्या काय? पारंपरिक जपानी बैठकीत एक कोनाडा असतो. त्यात एक चित्रपट्टी आणि थोडी फुले, आणि ऋतू पालटला की ते चित्र पालटते. बाकी भिंती रिकाम्या. आपल्याकडे कोनाडेही होते आणि सणावाराप्रमाणे सजावट बदलण्याची चालही होती : पाडव्याला गुढी, श्रावणात जिवतीचा कागद, भाद्रपदात मखर. आता बारा महिने तीच प्लास्टिकची फुले धूळ खात असतात. जपानकडून घ्यावयाचा तो हा संयम.

दुसरे स्वीडन. कार्ल लार्सन नावाचा चित्रकार आणि त्याची पत्नी कारिन यांना सुंडबोर्न या खेड्यात सासऱ्यांकडून एक लहानसे लाकडी घर मिळाले. मुलाबाळांचा मोठा संसार होता. त्यांनी घर पाडले नाही. जुन्या लाकडी सामानाला तांबडा-हिरवा रंग दिला, खिडकीशी बाके केली. पडदे आणि आच्छादने कारिनने स्वतः मागावर विणली. लार्सनने त्या घराची जलरंगातील चित्रे १८९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि साऱ्या देशाचे डोळे उघडले. त्याच साली एलेन की या विदुषीने सौंदर्य हे सर्वांसाठी आहे, श्रीमंतांची ती मिरास नव्हे, असे प्रतिपादणारी पुस्तिका लिहिली. आज स्वीडिश म्हणून जे साधे, उजळ सामान जगभर विकले जाते, त्याची एक मुळी त्या खेड्यातल्या घरात आहे. यातले घेण्याजोगे हे की, सुंदर घराला जुने सामान आड येत नाही. रंगाचा डबा आणि घरच्यांचे हात पुष्कळ काम करतात.

तिसरे जर्मनी, आणि येथे आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. जुन्या घराचे गोडवे गाताना एक गोष्ट पुरुष मंडळी सोयीस्करपणे विसरतात. सोपा हवेशीर होता खरा, पण स्वयंपाकघर अंधारे आणि धुराने भरलेले होते. चुलीपुढे वाकून आयाबहिणींचे डोळे गेले, पाठी गेल्या. सौंदर्य सोप्यात होते आणि कष्ट मागच्या दारी होते. १९२६ साली फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुशास्त्रज्ञाने एक स्वयंपाकघर आखले. कोणत्या कामाला किती पावले पडतात, किती वेळ जातो, याचा हिशेब तिने मांडला. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या अरुंद मुदपाकखान्यावरून तिने धडा घेतला. काम करण्याचा ओटा, हाताशी फळ्या, खिडकीचा उजेड, असे सर्व जागच्या जागी बसवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. आज आपल्या घरी जो ‘मॉड्युलर’ ओटा करतात, त्याच्या कुळाची ही मूळ बाई. पण गंमत अशी की, आपण कपाटांचा चकचकीत रंग तेवढा उचलला आणि पावलांचा हिशेब विसरलो! ओटा करावयाचा तर सुनेच्या आणि सासूच्या उंचीने करावा, कंत्राटदाराच्या सवडीने करू नये.

चौथे आपल्या जवळचे श्रीलंका. जेफ्री बावा या वास्तुशिल्पीने १९६० च्या सुमारास कोलंबोत एना डी सिल्वा या कलावती बाईंचे घर बांधले. जागा शहरातली आणि बेताची. त्याने घराच्या मध्ये मोठा चौक ठेवला, भोवती खोल सावलीचे व्हरांडे घेतले, वर कौले घातली. परदेशी शिकून आलेल्या त्या माणसाने आधुनिक घर म्हणून जे बांधले, ते पाहून आपल्या वाड्यातला चौक आठवावा! पुढे त्या जागेवरून घर हलवण्याची वेळ आली, तेव्हा ते सुटे करून भागांना क्रमांक घालून दुसरीकडे पुन्हा उभे करण्यात आले. आपण मात्र तीन पिढ्यांची चौकट जळाऊ लाकडाच्या भावाने देऊन टाकतो. तीच चौकट रंगरोगण होऊन मोठ्या शहरातल्या हॉटेलच्या दारी उभी राहते, आणि आपली मुले तिच्यासमोर उभी राहून छायाचित्र काढून घेतात.

या चारही ठिकाणांत एक धागा समान आहे. त्या लोकांनी आपले हवामान, आपली माणसे आणि आपले कारागीर यांना धरून सजावट केली. म्हणून ती सुंदर झाली. तेव्हा कोणतेही परदेशी चित्र आवडले की आपण तीन प्रश्न विचारावेत, असे आमचे सुचवणे आहे.

पहिला प्रश्न : हे आमच्या पावसाला आणि उन्हाला मानवेल काय? बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. आषाढात दिवस-दिवस झड लागते आणि भिंतीला ओल येते. भिंतीवरचा छापील कागद येथे बुरशी धरतो. छताखाली पांढरे खोटे छत लावले की वरची गळती महिनोन्महिने कळत नाही, आणि कळते तेव्हा डाग सगळ्यांना दिसतो. उलट चुन्याची सफेदी, पुढे आलेली पागोळी, समोरासमोर खिडक्या, या गोष्टी येथे शोभतात आणि टिकतातही. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने आहेत. ऊन गाळून मऊ उजेड आत सोडण्याची ती युक्ती हवामान ओळखूनच निघाली.

दुसरा प्रश्न : या घरातली माणसे येथे कोठे बसतील? हा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोपा म्हणा, की शेजारच्या कानडी घरात म्हणतात त्याप्रमाणे पडसाले म्हणा, ती घराच्या पुढ्यातली जागा म्हाताऱ्या माणसांची असे. तेथे बसून रस्त्यावरची वर्दळ दिसे, जाणारा-येणारा ‘काय आजोबा, बरे आहे ना?’ म्हणून विचारी, पानाचे तबक फिरे. नव्या आराखड्यात सोपा गेला, तेथे मोटारीची जागा झाली. आत पांढरा कोच आला, त्यावर बसावयास आजीला संकोच वाटतो; डाग पडेल म्हणून ती आपली दाराशी स्टुलावर बसते. आजोबांना आतल्या खोलीत दूरदर्शनसंच लावून दिला की आपले कर्तव्य झाले, असे आपण समजतो. आम्ही अशी घरे पाहिली आहेत, आपणही पाहिली असतील. ज्या सजावटीत घरच्याच माणसाला बसावयास जागा राहत नाही, ती कितीही किमती असली तरी तिला घराची सजावट म्हणता येणार नाही. जागा थोडी असेल तर दाराशेजारी दीड हात रुंदीचा कट्टा करावा, त्यावर गादी घालावी. खर्च थोडा आहे. पण घरातल्या वृद्धाला त्याचे जग परत मिळते.

तिसरा प्रश्न : हे कोणाच्या हातून होणार? आपल्या पंचक्रोशीत काय काय आहे, याचा आपल्यालाच विसर पडला आहे. खानापूरची तांबडी माती आणि तिची भांडी प्रसिद्ध आहेत. तेथले मडके चार झाडांसकट अंगणात ठेवले तर इटलीहून आणलेल्या कुंडीची गरज उरणार नाही. गोकाकची रंगीत लाकडी फळे आणि खेळणी आहेत. धारवाडकडे नवलगुंदला बायका मागावर सुती जमखाने विणतात, त्यांत सोंगट्यांच्या पटाची आणि मोराची नक्षी असते. त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण विणणारे हात फार थोडे उरले आहेत. आणि आपल्या भागातल्या बायकांचा तो कशिदा! इरकली लुगड्यावर गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, पाळणा असे धागे मोजून काढावयाचे, खाली रेखाटनाचा आधार न घेता. त्यातला गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. हाच टाका युरोपात होल्बाइन टाका म्हणून ओळखला जातो. कारण सोळाव्या शतकातील होल्बाइन या चित्रकाराने काढलेल्या व्यक्तिचित्रांत कपड्यांच्या गळ्यांवर आणि मनगटांवर तो बारकाईने दाखवलेला आहे. आपल्या आजीने कंदिलाच्या उजेडात जो टाका घातला, तोच इंग्लंडच्या राजदरबारातील लोकांच्या अंगावर होता. तिचे जुने लुगडे ट्रंकेत कुजत असेल, तर त्याचा कशिद्याचा भाग चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावावा. जगातील कोणत्याही चित्रापुढे त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

आता संस्थेकडे एक मागणे करून आम्ही थांबतो. या संस्थेने मुलांच्या फीची आणि पुस्तकांची काळजी वाहिली, हे ऋण मोठे आहे. पुढील काळात तिने आणखी तीन लहान कामे अंगावर घ्यावीत. सभासदांपैकी ज्यांचे जुने घर उतरवावयाचे असेल, त्यांनी आधी संस्थेस कळवावे. आणि चार तरुण मंडळींनी जाऊन त्या घराची मापे, छायाचित्रे आणि खोल्यांची नावे टिपून ठेवावीत. खांब, तुळया, दारे, फडताळे निघतील, त्यांची यादी सभागृहाच्या फलकावर लावावी. म्हणजे एकाच्या घरातला खांब भंगारात जाण्याऐवजी दुसऱ्या सभासदाच्या सोप्यात उभा राहील. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, आसपासच्या कुंभार, सुतार, चितारी, विणकर यांना सभागृहात जागा द्यावी. लग्नाच्या आहेरात स्टीलचा सातवा डबा देण्याऐवजी त्यांच्या हातची एक वस्तू दिली, तर नव्या संसाराची सजावट पहिल्या दिवसापासूनच चांगल्या वाटेला लागेल. यास फार मोठा निधी लागणार नाही. माणसांची हौस लागेल, आणि ती आपल्यात आहे.

आमच्या तरुण मित्रमैत्रिणींनी जगातली चित्रे जरूर पाहावीत. परदेशी असलेल्यांनी तेथील घरे नुसती छायाचित्रे काढून पाठवण्यासाठी पाहू नयेत. त्या घरात म्हातारी माणसे कोठे बसतात, उजेड कोठून येतो, ओल कशी आवरली आहे, सुतार कोण होता, हे विचारून घ्यावे आणि ते पत्रातून घरी कळवावे. अशी माहिती हाती आली तर आपला सुतार, आपला गवंडी तिचे सोने करील. कारण कौल, तसबीर, फरशी आणि गंजिफा यांचे सोने त्यांच्याच आज्या-पणज्यांनी केलेले आहे.